बिनसोन्याचा खजिना

सुरतेच्या पूर्व अंगाला पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. तेथे पर्वत नाही. टेकाडही नाही. सपाट काळी जमीन, मधून वाहणारी खाडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाची गोदामे, दुकाने आणि मजल्यांवर मजले चढवलेल्या चाळी. नवख्या माणसाला हे नाव कोड्यासारखे वाटते. उलगडा मात्र साधा आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे पाटी, फलक. हमरस्त्यावरून आत एखाद्या गावाकडे वाट फुटते, तेथे त्या गावाच्या नावाची पाटी उभी असते आणि लोक त्या थांब्यालाच पाटिया म्हणू लागतात. पर्वत हे आतल्या गावाचे नाव. शहर वाढत वाढत त्या पाटीला येऊन मिळाले आणि पुढेही गेले. नाव तेवढे मागे राहिले. ज्या छंदाविषयी येथे सांगावयाचे आहे, त्याची जात नेमकी ह्याच उलगड्याची आहे. रोज ज्या पाटीखालून जावे, तिच्यात काही दडलेले आहे असे कोणी सुचवावे आणि मग पाऊल थबकावे.

ह्या बाजूच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली ह्या वस्त्यांत मराठी कुटुंबे फार. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची ही माणसे तापीकाठच्या रेल्वेने पोट भरण्यासाठी सुरतेत आली आणि यंत्रमागांवर राहिली. मागाची पाळी बारा तासांची. नवरा रात्रपाळीहून येतो तेव्हा बायको मुलांना शाळेत पाठवून साडीला लेस लावावयास बसलेली असते; तो उठतो तेव्हा तिची चूल पेटलेली असते. दोघांची गाठ उंबरठ्यावर पडते आणि बोलणे होते ते गॅसच्या टाकीविषयी, शाळेच्या फीविषयी, गावाकडच्या हप्त्याविषयी. सुट्टीचा दिवस आला तर अर्धा झोपेत जातो व उरलेला अर्धा हातातल्या मोबाइलवर. एका खोलीत राहून दोघे दोन पडद्यांकडे पाहत बसतात. अशा जोडप्याला फारसा खर्च न करता घराबाहेर काढील, आणि एकाच गोष्टीकडे पाहावयास लावील, असा छंद कोणता, हा प्रश्न क्षुल्लक नाही. खजिना शोधण्याचा खेळ हे त्याचे एक उत्तर आहे.

खजिना हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या मनात मात्र आधी दुसरेच चित्र येते. पडक्या वाड्यातील हंडा, त्यावर बसलेला नाग, अमावास्येची रात्र आणि खणणारा मांत्रिक. गुप्तधनाच्या ह्या वेडाने महाराष्ट्रात माणसे मारली आहेत. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात स्त्रिया आणि मुली यांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांच्या मुळाशी गुप्तधन व नवसाच्या कल्पना असल्याचे तपासात पुढे आले होते. नरबळी व अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला. गुजरातने २०२४ मध्ये केला. गुप्तधन काढून देतो असे सांगून लुबाडणाऱ्यांच्या बातम्या तरीही वर्तमानपत्रांत येतच असतात. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट असावी: येथे ज्या खेळाविषयी बोलावयाचे आहे त्यात सोने नाही, कुदळ नाही आणि रात्रही नाही.

सुरतेत ही शंका अधिकच स्वाभाविक. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये ज्या शहरातून धन नेले, ते त्या काळी मोगलांचे सर्वांत धनाढ्य बंदर होते. तेव्हा पेढ्या होत्या, पण धनको घाबरला म्हणजे त्याची खरी तिजोरी जमिनीतच असे. घराचा पाया खणताना उद्या कोणास एखादे भांडे सापडले तर काय करावे, हेही ओघाने सांगितलेले बरे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे असते. चौकशीअंती कोणी धनी पुढे आला नाही व जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला मिळतो. सरकारला ते धन हवे असल्यास धातूची किंमत व तिचा पाचवा भाग वर देऊन ते घेता येते. कळवले नाही तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. दहा रुपयांची ती मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची आहे, हे वाचून हसू येईल. पण कायदा हसत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीवाचून खणणे हा तर वेगळाच गुन्हा. धातुशोधक यंत्र घेऊन किल्ल्यांवर हिंडणारे हौशी तरुण हे विसरतात.

आता खेळाकडे वळावे. त्याचे मूळ इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या डार्टमूर ह्या ओसाड, दलदलीच्या माळावर आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल ह्या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथपर्यंत चालत येणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, एवढाच हेतू. पुढे बाटलीच्या जागी डबा आला, वही आली, रबरी शिक्का आला. माळावर असे डबे वाढत गेले आणि कोड्यांवरून ते हुडकून काढणे हा एक नादच झाला. शोधणारा आपल्या वहीत डब्यातील शिक्का उमटवून घेतो आणि डब्यातील वहीत आपला शिक्का उमटवतो. देवाणघेवाण तेवढीच.

दुसरा टप्पा अगदी अलीकडचा आहे. आकाशातील उपग्रहांवरून पृथ्वीवरील आपली जागा ओळखण्याची जी अमेरिकी व्यवस्था आहे, तिच्या नागरी वापरासाठीच्या संदेशांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चकवा बसे. मे २००० च्या आरंभी ती चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर ह्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. कोणी ती शोधून दाखवतो का, हे त्याला पाहावयाचे होते. दोनचार दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसाने ती शोधली. ह्या खेळाला पुढे जिओकॅशिंग हे नाव पडले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक साठे लपवलेले आहेत. नियम थोडे आहेत: डबा पुरावयाचा नाही, सापडला की वहीत नाव व तारीख लिहावयाची, आतील एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावयाची, डबा होता तेथेच, होता तसाच परत ठेवावयाचा.

सोने ठेवले की ह्याच खेळाचे काय होते, याचाही दाखला आहे. अमेरिकेतील कलावस्तूंचे व्यापारी फॉरेस्ट फेन यांनी २०१० च्या सुमारास रॉकी पर्वतात सोन्याने भरलेली पेटी लपवली व तिच्या खुणा एका कवितेत दिल्या. हजारो लोक धावले. २०२० मध्ये पेटी सापडली. तोवर तिच्या मागे लागून निदान पाच माणसे नद्यांत आणि कड्यांवर प्राणास मुकली होती.

उपग्रहांचे गणित घाबरण्यासारखे नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. निरनिराळ्या उपग्रहांकडून आलेल्या संदेशांना किती वेळ लागला हे पाहून मोबाइल आपले अंतर काढतो, आणि चार उपग्रह एकदम दिसले की आपली जागा ठरवतो. घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर जमिनीवर तीनशे मीटरांची चूक होते. म्हणूनच त्या उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात. भारताची स्वतःची नाविक ही व्यवस्थाही ह्याच तत्त्वावर चालते. पर्वत पाटिया सुमारे २१ अंश ११ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५१ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १८५० मीटर. रेखांशाचे मिनिट विषुववृत्तावर जवळजवळ तेवढेच असते, पण उत्तरेकडे सरकावे तसे आखडते. सुरतेत ते सुमारे १७३० मीटर भरते. मिनिटाचा हजारावा भाग घेतला तर दोन मीटरांहून कमी, म्हणजे दोनअडीच पावले. उघड्या मैदानात मोबाइल पाचएक मीटरांपर्यंत बरोबर सांगतो. पुलाखाली किंवा उंच बाजार-इमारतींच्या खिंडीत संदेश भिंतींवर आदळून येतात आणि बाण भलतीकडेच वळतो. तेथून पुढे डोळे वापरावे लागतात. खेळ खरा सुरू होतो तो तेथेच.

आणि तेथेच दोघांची गरज लागते. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात कोड्याचा कागद. एक अंतर सांगतो, दुसरा खूण वाचतो. एकट्याने दोन्ही करता येते, पण पडद्याकडे पाहणाऱ्याला झाड दिसत नाही आणि झाडाकडे पाहणाऱ्याला अंतर कळत नाही. ‘अहो, मोबाइल ठेवा बाजूला, कागदावर काय लिहिलंय ते आधी ऐका,’ असे बायकोने म्हणावे, आणि घरात सर्व निर्णय घेणाऱ्या गृहस्थाने मुकाट्याने ऐकावे, असा प्रसंग ह्या खेळात हटकून येतो. भांडणेही होतात, निम्मी दिशेवरून आणि उरलेली उन्हावरून. पण ती गॅसच्या टाकीवरून होणाऱ्या भांडणांहून हलकी असतात व डबा सापडताच मिटतात. शोधणे हे ज्याचे त्याचे वेगळे असते, हेही पुष्कळांच्या ध्यानात येते. दिवसभर साडीवरचे खडे मोजणारी बाई भिंतीच्या भेगेत अडकवलेली बारीक डबी झटकन हेरते; मागाचे तुटलेले सूत अंदाजाने पकडणाऱ्या माणसाला दुरूनच वाटेचा अंदाज येतो.

तथापि जे डार्टमूरच्या माळावर चालते ते सुरतेत जसेच्या तसे चालणार नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील स्फोटांनंतरच्या दिवसांत सुरतेत निरनिराळ्या ठिकाणी, झाडांवर आणि जाहिरातींच्या फलकांमागे ठेवलेले वीसहून अधिक जिवंत बॉम्ब सापडले होते. सुदैवाने एकही फुटला नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना पाटीमागे अडकवलेला प्लास्टिकचा डबा पाहून अजूनही धडकी भरेल, आणि भरावी हेच योग्य. बेवारस वस्तू दिसल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे, अशी सूचना स्थानकांवर वारंवार दिली जाते. त्या सूचनेला जो छंद बाध आणतो तो छंद नव्हे. म्हणून रस्ता, पूल, स्थानक, बाजार, बसथांबा, शाळा, देवालय ह्यांपैकी कोठेही डबा ठेवू नये. ठेवावयाचाच तर ओळखीच्या माणसाच्या शेतावर, अंगणात वा दुकानात, त्याची परवानगी घेऊन. डबा आरपार दिसणारा, आत काय आहे हे वर गुजरातीत व मराठीत लिहिलेला, आणि ठेवणाऱ्याचे नाव असलेला. अक्षांश-रेखांशांवरून दुसऱ्या कोणाचा डबा शोधावयास गेलो आणि जागा संशयास्पद वाटली, तर हात न लावता परत फिरावे. हुकलेला डबा पुढच्या खेपेस सापडतो.

शहरात खरा सोयीचा प्रकार बिनडब्याचा. त्यातही जगभर नियम रूढ झाले आहेत. एखाद्या जागी जावयाचे, तेथील शिलालेख, खांबांची संख्या, घुमटाचा आकार असे काही पाहावयाचे, आणि त्यावरून दिलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. काही ठेवावयाचे नाही, काही उचलावयाचे नाही. सुरतेसारखे शहर ह्यासाठी मुद्दाम घडवल्यासारखे आहे. सोळाव्या शतकातील किल्ला तापीच्या काठी आहे. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय ज्या मुघलसराईत भरते ती इमारत १६४४ मध्ये प्रवाशांसाठी बांधलेली सराई होती. जन्मदाखल्यासाठी तेथे खेटे घालणाऱ्या किती जणांनी तिची कमान मान वर करून पाहिली असेल?

कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रजांचे व डचांचे जुने दफनस्थान आहे. दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. डचांच्या आवारात हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याची भव्य कबर आहे. केरळातील वनस्पतींचे बारा खंडांचे सचित्र वर्णन ज्याने करवले तो हाच अधिकारी. तो १६९१ मध्ये सुरतेकडे येत असता समुद्रावरच वारला. इंग्रजांच्या आवारातील सर्वांत उंच वास्तू ऑक्झेन्डेन बंधूंची. एक भाऊ क्रिस्टोफर १६५९ मध्ये गेला. दुसरा जॉर्ज, ज्याने १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार राखली, तो १६६९ मध्ये गेला, आणि त्याच्यासाठी भावाच्या कबरीवरच दुसरे दालन चढवण्यात आले. क्रिस्टोफरचा लॅटिन मृत्युलेख जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला आहे: त्याच्या खातेवहीत वर्षे चढलीच नाहीत, दिवसच चढले, आणि मृत्यूने अचानक हिशेब मागितला, असा त्याचा आशय. वहीखात्याच्या ह्या शहरात तो वाचून कोणीही क्षणभर उभा राहील.

ह्यावरून कोडे कसे करावे? ‘एका छताखाली दोन भाऊ. मागून गेलेल्याच्या सनातून आधी गेलेल्याचा सन वजा कर.’ उत्तर दहा. ‘दारापासून तितकी पावले मागे ये आणि वर पाहा. काय दिसते ते लिही.’ एवढे पुरे. सन कोठून काढावयाचे, हेही शोधातच येते. त्यासाठी वाचनालयाची पायरी चढावी लागली तर बिघडत नाही. कोडे सोपे की अवघड यापेक्षा ते कोणी कोणासाठी केले याला महत्त्व आहे. नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात बायकोने कोडे रचावे आणि चिठ्ठी डब्यातल्या भाकरीवर ठेवून द्यावी. माग चालू असता बोलणे ऐकू येत नाही, पण विचार करता येतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की पाळीपाळीने कोडेही बदलावे.

खर्चाचे म्हणाल तर वही, पेन्सिल आणि हवा असल्यास एक रबरी शिक्का. शिक्क्यावर काय असावे हे दोघांनी मिळून ठरवावे. त्यात एक संध्याकाळ चांगली जाते. सीमाभागात, बंदरांच्या संरक्षित क्षेत्रात किंवा लष्करी हद्दीजवळ यंत्र घेऊन हिंडू नये. परदेशातील नातेवाइकांनी उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भेट म्हणून पाठवले तर ते परवान्यावाचून वापरता येत नाही. साधा मोबाइल पुरेसा आहे. पावसाळ्यात हा नाद बंद ठेवावा. खाडीला पूर आला की पर्वत पाटिया व लिंबायत भागांत रस्त्यावर पाणी भरते, आणि तेव्हा घरातील सामान माळ्यावर चढवणे हेच काम दोघांना पुरते. चैत्र-वैशाखातील उन्हातही अर्थ नाही. दिवाळी आटोपली, बाजाराची गडबड ओसरली की मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम.

आरंभ ऑक्झेन्डेनपासूनच करावा हे बरे. रविवारी सकाळची बस पाटियाच्या थांब्यावरून धरली तर ऊन चढण्यापूर्वी कतारगाम दरवाज्याशी पोहोचता येते. आवारात शिरताना पहारेकऱ्यास काय करावयाचे आहे ते आधी सांगावे. भिंतीस हात लावू नये, कबरीवर बसू नये, आणि पावले कोणी मोजावयाची हे आत जाण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. कारण नवऱ्याची दहा पावले आणि बायकोची दहा पावले एकाच जागी कधीच संपत नाहीत.